राज्यपालांचा साडू

माझा साडू राज्यपाल झाल्याची बातमी मला बारामतीत, पाइपांच्या दुकानात कळली. डाळिंबाच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, म्हणून नव्या घ्यायला गेलो होतो. दुकानदार माझा शाळेतला दोस्त. सगळे त्याला भाई म्हणतात, मीही म्हणतो. त्याचे वडील विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे, त्यातून हे दुकान उभं राहिलं. बाजाराच्या दिवशी मी तिथं स्टुलावर बसतो, चहा पितो आणि बारामती-इंदापूर दोन्हीकडचं राजकारण ऐकतो. त्या दिवशी मी पायरी चढतोय तोच भाई काउंटरमागून ओरडला,

"चेअरमन, पेढं कुठं हायत?"

"कशाचं पेढं?"

"आता हे बघा! साडू राज्यपाल झालं की तुमचं. टीव्हीवर सकाळपासनं पट्टी फिरतीया."

दुकानात गिऱ्हाइकं होती, ती सगळी वळून माझ्याकडं बघायला लागली. मी हसून म्हणालो, "मला कालच कळलं." मला काहीच कळलं नव्हतं. ज्या माणसाच्या लग्नात मी वरातीमागं उन्हात चाललो, जेवणाच्या पंगती उठवल्या, त्याची एवढी मोठी बातमी मला नळ्या विकणाऱ्याकडून कळावी, हे मला फार लागलं. गिऱ्हाइकं गेल्यावर भाईनं चहाचा ग्लास पुढं सरकवला आणि माझ्या तोंडाकडं बघत विचारलं, "पोटात दुखतंय व्हय?"

"ॲसिडिटी हाय."

"व्हय, आमच्यात बी असती ती," भाई म्हणाला. "मेव्हण्यानं दुबईत दुकान टाकलं तवा मला वरीसभर होती."

साडू हे नातंच अवघड आहे. सख्खा भाऊ मोठा झाला तर त्याच्या मोठेपणात आपला वाटा धरता येतो, कारण आईबाप एकच. मित्र मोठा झाला तर त्याला टाळता येतं. साडूला टाळता येत नाही आणि त्याच्यात वाटाही धरता येत नाही. दोघं एकाच घरचे जावई, दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळं सासरवाडीच्या ओसरीवर दोघांची मापं कायम शेजारी शेजारी घेतली जातात.

आमची सासरवाडी कोऱ्हाळे बुद्रुकची. सासरे ऊसवाले, मोठ्या आवाजाचे. गाव त्यांना तात्या म्हणतं. मी थोरला जावई. सांगवीकडची आमची बागायत, भाजीपाला आणि डाळिंब, चार माणसांत उठबस, म्हणून तात्यांनी मला पसंत केलं होतं. धाकटी मात्र त्यांनी सणसरच्या एका किडकिडीत वकिलाला दिली. तो इंदापूरच्या कोर्टात नवीनच उभा राहायला लागला होता. काळ्या कोटाची कोपरं उसवलेली, आणि बोलणं मोजून मापून. साखरपुड्याच्या दिवशी तात्यांनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, पोरगं शिकल्यालं हाय, पन बोलत न्हाय. तुमी जरा सांभाळून घ्या त्येला." मी सांभाळून घेतलं. बांधाच्या भांडणातली दोन-चार माणसं त्याच्याकडं पाठवली. ओळखी करून दिल्या. लोक म्हणायचे, हे आपल्या चेअरमनचे साडू.

कारण त्या काळात चेअरमन मी होतो. आमच्या भागातल्या भाजीपाला उत्पादकांची एक सहकारी संस्था होती, तिचा. आता ती संस्था राहिलेली नाही, पण लोक मला अजून चेअरमनच म्हणतात. जीप होती, शिपाई होता, दारात सकाळी माणसं उभी असायची. मग एका सकाळी माझे निम्म्याहून जास्त संचालक घरी सापडेनात. कुणाची बायको म्हणे देवाला गेलेत, कुणाची म्हणे पाहुण्यांकडं. दुपारपर्यंत कळलं की त्यांना गाड्यांत बसवून कोकणात समुद्र दाखवायला नेलंय आणि माझ्यावर अविश्वासाची सभा लागलीय. सभेच्या आदल्या दिवशी आमच्याच गटातले वडीलधारे घरी आले. "चेअरमन, आकडा जमत न्हाय. सभंत हसं करून घेण्यापरीस राजीनामा द्या, मान ऱ्हाईल." मी दिला. सभा झालीच नाही. माझ्याविरुद्ध कुणी हात वर केला असता आणि कुणाचा हात उचलला नसता, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. ती माणसं लग्नकार्यात भेटतात, नमस्कार करतात, आणि मी त्यांच्या जोडलेल्या हातांकडं बघत राहतो.

आणि हा माणूस? ह्यानं उभ्या आयुष्यात कुणाकडं मत मागितलं नाही. इंदापूरच्या कोर्टातून पुण्याला गेला, पुण्याहून मुंबईला, तिथून पक्षाच्या कायद्याच्या कामासाठी दिल्लीला. पक्ष फुटले, जुळले, कालचे शत्रू एका गाडीतून फिरायला लागले. ह्याची खुर्ची कोपऱ्यात होती, म्हणून कुणी ती हलवायला गेलं नाही. नुसतं न बोलण्यावर माणूस इतका वर जातो हे मला वेळेवर कळलं असतं, तर मीही जरा कमी बोललो असतो.

शपथविधीला मी गेलो नाही. डोंगरांतलं ते लहानसं राज्य, विमान बदलून जावं लागायचं. तिकिटं आली होती. मी म्हणालो, बहार धरलाय, बाग सोडता येत नाही.

"गडी बघतील की बाग," बायको म्हणाली.

"गडी फवारणी चुकवत्यात."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि बॅगेची चेन ओढली. ती आणि तिचे आईवडील विमानानं गेले. मी घरात एकटाच टीव्हीसमोर बसलो. साडू पांढऱ्या बंद गळ्याच्या कोटात उभा होता, बाजूला न्यायाधीश, मागं शिपायांचे लाल पट्टे. मग कॅमेरा पहिल्या रांगेवर फिरला, आणि तिथं आमचे तात्या, भगवा फेटा बांधून, उपरण्याच्या टोकानं डोळे पुसत होते. मी चेअरमन झालो तेव्हाही तात्या सभेला आले होते. भाषणं चालू असताना त्यांना मागच्या रांगेत डुलकी लागली होती. मी टीव्ही बंद केला आणि फवारणी चालली होती तिथं जाऊन गड्यांवर विनाकारण ओरडलो.

पुढं धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांतून एकदा येणारा, जावयांच्या मानाचा. दरवेळी आम्ही दोघं सासरवाडीला जायचो, पुरणाचे धोंडे खायचो, सासूबाई चांदीच्या ताटात अनारसे घालून द्यायच्या. आधी थोरल्याला, मग धाकट्याला. त्या वर्षी आदल्या दिवसापासून पोलीस वस्तीवर येऊन गेले. गोठ्यामागची जागा बघितली, कुत्रं बांधायला लावलं. साडू आला तेव्हा पुढं एक गाडी, मागं दोन, आणि सोबत गणवेशातला एक तरणाबांड अधिकारी. ओसरीवर आम्ही दोघं पाटावर बसलो. सासूबाई ताट घेऊन आल्या आणि आमच्या मधोमध थबकल्या. बिचारीला कळेना, पहिलं वाण कुणाला द्यावं. अंगणात सगळं गाव उभं.

साडू म्हणाला, "आधी दाजींना."

अंगणातनं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बघा, येवढा राज्यपाल मानूस, पन काय नम्रपना!" लोकांनी माना डोलावल्या. थोरलेपणानं जे ताट इतकी वर्षं माझ्याकडं आधी येत होतं, ते त्या दिवशी त्याच्या चांगुलपणामुळं आलं. 

आणि बाहेर वेगळाच त्रास. सांगवीत दाढी करायला बसलो तरी न्हावी वस्तरा गालावर ठेवून विचारायचा, "साहेबांस्नी येक शब्द टाका की. पोरगं बारावी झालंय." मी त्याला समजावून सांगायचो की दुसऱ्या राज्याच्या राज्यपालाला इथं पोरं चिकटवता येत नाहीत. त्याला वाटायचं माझी इच्छाच नाही. बँकेत, दवाखान्यात, मयतीला गेलो तरी लोक माझी ओळख करून देताना चेअरमन म्हणायचं सोडून "हे राज्यपालांचं साडू" म्हणायला लागले. मी स्मशानातून परत येताना एकदा बायकोला म्हणालो, "मी मेल्यावर बी फलकावर हेच लिवतील." ती हसली. मी विनोद केला नव्हता.

दुसऱ्या हिवाळ्यात तिनं हट्टच धरला. "माझी बहीन येकटी पडलीय तितं. तुमी येत नसाल तर मी येकटी जाते." मग मी गेलो. डाळिंबाच्या दोन पेट्या बरोबर घेतल्या, एकेक फळ निवडून. राजभवनाच्या फाटकावर त्या पेट्या यंत्रातून तपासल्या गेल्या. टेकडीवर मोठा बंगला, भोवती सुरूची झाडं, थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघायची. आम्हाला दिलेल्या खोलीत पलंगाशेजारी बटण होतं. दाबलं की माणूस यायचा. मी चुकून दाबलं आणि माणूस आल्यावर काय मागावं कळेना, म्हणून पाणी मागितलं. पाण्याचा तांब्या भरलेला शेजारीच होता.

मेव्हणी आपल्या बहिणीच्या गळ्यात पडून रडली. "ताई, हितं भाजी निवडायला बी कोन देत न्हाय गं. दिसभर नुसतं बसायचं." साडू वाळला होता. बागेत फिरायला गेला तरी मागं दोन माणसं. मला हे बघायचं नव्हतं. तो सुखात लोळतोय असं मी मनाशी धरून चाललो होतो, त्यावर इतके दिवस रागावत होतो. आता रागाला धड जागा मिळेना. संध्याकाळी त्यानं कुठल्याशा पाहुण्यांपुढं डाळिंबाचे दाणे ठेवले आणि सांगितलं, "हे आमच्या दाजींच्या बागेतले." मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच चीड आली.

आम्ही तिथं असतानाच त्या राज्यातलं सरकार डळमळलं. सत्तेतल्या पक्षाचे बरेच आमदार एका सकाळी गायब झाले आणि दुपारी टीव्हीवर दिसले, परक्या राज्यातल्या कुठल्याशा हॉटेलात, पोहण्याच्या तलावाच्या कडेला नाश्ता करताना. त्यांचा पुढारी राजभवनावर आला. म्हणाला, सह्या आमच्याकडं आहेत, मुख्यमंत्र्यांना काढा आणि मला शपथ द्या. तो गेल्यावर मुख्यमंत्री आले. उंचेपुरे, म्हातारे, आवाज बसलेला. मी वरच्या खिडकीतून त्यांना गाडीतून उतरताना बघितलं. पायरी चढताना त्यांनी कठड्याला धरलं. फाटकाबाहेर कॅमेऱ्यांची रांग लागली. साडूला दिल्लीहून फोन यायला लागले. फोन आला की तो आतल्या खोलीत जायचा आणि बाहेर आल्यावर आणखी गप्प व्हायचा.

माझं मात्र अंग तरतरीत झालं होतं. ह्या धंद्यातलं मला कळत होतं. टीव्हीवर ते तलावाकाठचे आमदार दिसले की मला माझे संचालक दिसायचे, समुद्रात पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून उभे. मी जेवताना मेव्हणीला समजावून सांगायचो की आता अमुक होईल, तमुक होईल. साडू ऐकायचा आणि भाताचे घास घ्यायचा.

एका सकाळी हिरवळीवर आम्ही दोघंच चहाला बसलो होतो. त्याची ती दोन माणसं लांब सुरूखाली उभी होती. त्यानं एकदम विचारलं,

"दाजी, तुमच्या वेळी नेमकं काय झालं होतं?"

मला वाटलं टिंगल करतोय. "माझ्या येळी काय व्हायचंय? भाजीवाल्यांची संस्था ती. हितं सरकार हाय."

"सांगा तरी. मी तेव्हा मुंबईत होतो. मला वरवरच माहीत आहे."

मग मी सांगितलं. गाड्या, कोकण, वडीलधारे, राजीनामा. इतक्या वर्षांत मला कुणी सगळं नीट विचारलं नव्हतं, बायकोनंही नाही. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण सुरूखालचा एक माणूस आमच्याकडं वळला.

साडूनं विचारलं, "हरल्याचं वाईट वाटलं का?"

"हरलो कुठं मी? हरायला सभा व्हावी लागती, वकीलसाहेब. मला सभंत हरवायला पायजे व्हतं. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी हात वर करायला पायजे व्हता. मग मी बी मानलं असतं. गाडीत बसून कुठं बहुमत होत असतंय?"

त्यानं कप बशीत ठेवला, शाल सारखी केली आणि आत निघून गेला. मी तिथंच बसून राहिलो. मनात म्हटलं, ह्याला पुरतं ऐकूनसुद्धा घ्यायचं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी राजभवनातून हुकूम निघाला. मुख्यमंत्र्यांनी सभागृहात बहुमत सिद्ध करावं, सगळ्या आमदारांनी हजर राहावं, आणि मोजणी एकेकानं उभं राहून व्हावी. तोवर कुणाला काढणार नाही आणि कुणाला शपथ देणार नाही. फुटलेल्यांचा पुढारी फाटकाबाहेर कॅमेऱ्यांपुढं तावातावानं बोलला की राज्यपाल वेळकाढूपणा करतायत. दिल्लीचे फोन वाढले. मेव्हणी देवापुढं बसून राहिली. साडू मात्र नेहमीसारखा जेवला, नेहमीसारखा फिरायला गेला. त्याची ही एक गोष्ट मला कधीच जमली नाही. माझ्यावर सभा लागली तेव्हा मला अन्न गेलं नव्हतं.

मोजणीच्या दिवशी आम्ही तिघं आमच्या खोलीतल्या टीव्हीसमोर बसलो. साडू त्याच्या कचेरीत होता. आमदार एकेक करून उभे राहायला लागले. नाव पुकारायचे, माणूस उभा राहायचा, कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर जायचा. हॉटेलातून आणलेल्यांची पाळी आली. त्यांतले काही छाती काढून मुख्यमंत्र्यांच्या विरोधात उभे राहिले. काही मात्र, घरचा मुलूख आणि दारातली माणसं बघून आलेले, खाली मान घालून मुख्यमंत्र्यांच्या बाजूनं उभे राहिले. म्हातारा आपल्या जागेवरून प्रत्येकाकडं बघत होता. जवळचे, लांबचे, विरोधातले, सगळ्यांकडं. थोडक्यात वाचला तो.

वाचला याचं मला काही नव्हतं. पण त्यानं सगळे चेहरे बघितले. त्याला पुढं लग्नकार्यात कुणाच्या हाताकडं बघत बसायची पाळी येणार नव्हती. राज्यपालाचा मला हेवा होताच, त्या दिवशी त्या अनोळखी म्हाताऱ्याचाही वाटला. माझे डोळे भरून आले, म्हणून मी बाथरूममध्ये गेलो. ते बाथरूमसुद्धा आमच्या ओसरीएवढं होतं.

संध्याकाळी साडू पहिल्यांदाच पत्रकारांपुढं आला. एकच वाक्य बोलला, हिंदीत. बहुमत सभागृहात ठरतं, गाडीत बसून ठरत नाही. दुसऱ्या दिवशी ते वाक्य सगळ्या देशाच्या टीव्हीवर होतं.

मी बायकोला म्हणालो, "हे माझं वाक्य हाय."

"असंल," ती म्हणाली, आणि बहिणीसाठी आणलेल्या चटणीचा डबा शोधायला लागली.

परत आलो तर बारामतीत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच वाक्य. भाईनं ते स्वतःच्या मोबाइलवर स्टेटसला लावलं होतं, साडूच्या फोटोसकट. मी त्याला सगळं सांगितलं, चहाचं, हिरवळीचं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "चेअरमन, ॲसिडिटी लई वाढलीया तुमची."

"भाई, आईशप्पत माझं वाक्य हाय."

"असू दे की. पन सांगताय कुनाला? कोन मानंल?"

तेही खरंच होतं. मी सांगणं सोडून दिलं. सोडलं म्हणजे बाहेर सोडलं. मनात रोज सांगत होतो.

उन्हाळा संपता संपता त्या राज्यात नवे राज्यपाल नेमले गेले. साडूला दुसरीकडं कुठं नेमलं नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. ही बातमीही मला भाईच्याच दुकानात मिळाली. ह्या वेळी तो ओरडला नाही. काउंटर ओलांडून बाहेर आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बसा चेअरमन." मी बसलो. त्यानं सांगितलं. खरं सांगायचं तर मला क्षणभर फार हलकं वाटलं. आता तोही माजी आणि मीही माजी. दोन पाट पुन्हा एका ओळीत आले.

ते हलकेपण तो इंदापूरला पोहोचेपर्यंतच टिकलं. स्वागताला ही गर्दी. आमच्याकडं पक्ष फुटल्यापासून सख्ख्या भावांतसुद्धा एकाचा फलक असेल तिथं दुसरा उभा राहत नाही. त्या दिवशी दोन्हीकडच्यांचे फलक एकाच खांबाला बांधलेले. हा माणूस पडला म्हणून तो सगळ्यांचा झाला होता. बायका ओवाळत होत्या, पोरं त्याच्याबरोबर फोटो काढत होती, हारांनी गाडीचा टप झाकून गेला होता. मी पडलो तेव्हा दुसऱ्या सकाळी माझ्या दारात एकटा शिपाई आला होता, जीपची किल्ली मागायला. वर चढण्यात त्यानं मला मागं टाकलं ते ठीक; पडण्यातही टाकावं?

कोऱ्हाळ्याला गावकऱ्यांनी सत्कार ठेवला. शाळेच्या पटांगणात मांडव, तात्या आणि सासूबाई व्यासपीठावर, मी पहिल्या रांगेत. साडूला बोलायचा आग्रह झाला. तो उठला, घसा साफ केला, आणि म्हणाला की त्या प्रसंगात काय करावं हे त्याला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. "ते मला या घरानं शिकवलं. जे असेल ते समोर बसून, तोंडावर बोला, हे माझ्या सासऱ्यांचं सांगणं." तात्या ढसाढसा रडायला लागले. सगळा मांडव टाळ्या वाजवत होता. मीही वाजवल्या, माझी बायको लांबून माझ्याकडं बघत होती, म्हणून जरा जोरानंच वाजवल्या.

कार्यक्रमानंतर दोघी बहिणी आईकडं राहिल्या. साडूला इंदापूरला सोडायचं काम माझ्याकडं आलं, कारण आता त्याला सरकारी गाडी नव्हती. दिवस कलायला आला होता. मी गाडी चालवत होतो. बारामती मागं पडली तेव्हा तोच म्हणाला,

"दाजी, आज गप्प?"

"वाक्य कुनाचं व्हतं?" मी विचारलं.

त्यानं समजून न समजल्यासारखं केलं नाही. "तुमचं."

"मग तात्यांचं नाव का घेतलं?"

त्यानं खिडकीची काच वर केली. मग म्हणाला, "पहिल्या रांगेत तुमच्या शेजारी कोण बसले होते, बघितलंत ना? तुमच्या संस्थेतले जुने संचालक. तुमचं नाव घेतलं असतं, तर हे वाक्य कुठून आलं तेही सांगावं लागलं असतं. कोकणात गाड्या गेल्या, सभा झाली नाही, तुम्ही राजीनामा दिला. हे सगळं मी माइकवरून काढू? आपल्या सासरवाडीत?"

"काढायचं की. मला चाललं असतं."

"खरंच चाललं असतं, दाजी?"

मी गिअर बदलला. नसतंच चाललं. मांडवात माझ्या एका हाताला एक आणि दुसऱ्या हाताला एक असे ते बसले होते, आणि त्यांच्यासमोर तो विषय निघाला असता तर मी जमिनीत गेलो असतो. त्यानं व्यासपीठावरून ते बघितलं, आणि माझं वाक्य उचलून तात्यांच्या ओंजळीत टाकलं. मला त्याच्याशी भांडायलाही काही उरलं नाही. निदान चोरलं असतं तरी मी त्याला चोर म्हणून मोकळा झालो असतो.

पुढं एका फाट्यावर मी चहाला थांबलो. टपरी चालवणारा ओळखीचा, पूर्वी आमच्या संस्थेत वांगी घालायचा. पत्र्याखालनं तो उठून आला. "या चेअरमन! लई दिसांनी. आन हे पाव्हनं कोन?"

साडूच्या अंगावर साधा सदरा होता, सत्काराची शाल गाडीतच राहिली होती. टपरीवाल्यानं त्याला खरंच ओळखलं नव्हतं. आख्ख्या तालुक्यात असा एक माणूस शिल्लक होता, आणि तो नेमका मला भेटला होता.

"माझं साडू," मी म्हणालो. "हितंच असत्यात, इंदापूरला."

"काय करत्यात?"

"वकील हायत."

 टपरीवाल्यानं बाकडं फडक्यानं पुसलं, आधी मला बसवलं, माझा चहा आधी दिला, मग त्याचा. डाळिंबाच्या भावाबद्दल त्यानं फक्त मला विचारलं. मी पाय लांब करून सविस्तर उत्तरं दिली. साडू बाकड्याच्या टोकाला बसून, दोन्ही हातांत ग्लास धरून, रस्त्यावरून जाणारी उसाची ट्रॅक्टरं बघत होता.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "बरं केलंत दाजी, सांगितलं नाहीत ते. किती दिवसांनी निवांत चहा झाला."

हेही त्यानं माझं दान म्हणून घेतलं. मी किल्ली फिरवली. सणसर आलं, त्याच्या भावाच्या वस्तीवरचा दिवा दिसला, तसा तो म्हणाला की इंदापूरची जुनी कचेरी झाडून घेतलीय, पुढच्या सोमवारपासून बसणार, बांधाच्या भांडणातली माणसं पाठवत जा.

"बघू," मी म्हणालो.

पाठवतो आता. पहिला माणूस पाठवला तो टपरीवाला, त्याचा भावाशी वाटणीचा दावा होता. तो परत येऊन मला म्हणाला, "चेअरमन, तुमी सांगितलं न्हाय तुमचं साडू राज्यपाल व्हतं म्हनून. केवढा मोठा मानूस, आन मी त्यांस्नी बाकड्याच्या कोपऱ्यात बसवलं." आणि वर म्हणाला, साहेबांनी मला बसायला स्वतः खुर्ची दिली. मी त्याला विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का? तो आठवून बघत म्हणाला, "न्हाय बा. फकस्त इचारत व्हतं, दाजी कसं हायत."